जुनी इमारत उतरवून नवी बांधताना साहित्य वाचवायचं आणि कार्बन घटवायचा, तर कामाचा क्रम असा ठेवा

जुन्या विटा पुन्हा वापरू, लाकूड वाचवू, सिमेंट कमी घालू, असं ठरवून येणारे मालक आणि इंजिनियर हल्ली बरेच भेटतात. अडचण एवढीच की बहुतेक जण भेटतात ते जेसीबी येऊन गेल्यावर. तोवर वीट, गिलावा, जिप्सम बोर्ड, लाकूड आणि काच यांचा एकच ढीग झालेला असतो आणि त्यातून निघतो तो फक्त भराव. कोणाची इच्छा कमी पडत नाही, क्रम उलटा पडतो: आधी नकाशा, मग पाडकाम, मग साहित्याचा शोध. खाली तोच क्रम सुलटा करून मांडला आहे. एक ते चार मजल्यांची इमारत डोळ्यांसमोर आहे. स्ट्रक्चरल इंजिनियरची सही लागेल तिथे ती लागेलच, हा लेख त्याची जागा घेत नाही.

'कार्बन' म्हणजे इथे साहित्य बनवताना, आणताना आणि बसवताना हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड. विजेचं बिल हा वेगळा विषय.

१. आधी ठरवा: पाडायचं किती?

सगळ्यात कमी कार्बनचं काँक्रीट म्हणजे आधीच उभं असलेलं काँक्रीट. इमारतीच्या वजनाचा मोठा भाग पाया, कॉलम, बीम आणि स्लॅबमध्ये असतो. सांगाडा राहिला आणि फक्त भिंती, खिडक्या, फरश्या बदलल्या, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या मिळून जेवढं वाचवतील त्याहून जास्त इथेच वाचू शकतं. म्हणून 'सांगाडा गेलाय' हे कोणी नुसतं बघून सांगितलं तर मान्य करू नका. मोजून घ्या.

सगळ्यात स्वस्त चाचणी फिनॉल्फ्थॅलीनची, म्हणजे अल्कधर्म असेल तिथे गुलाबी होणाऱ्या रसायनाची. काँक्रीट उच्च अल्कधर्मी असतं आणि त्यामुळेच आतली सळी गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो आणि हा अल्कधर्म बाहेरून आत संपत जातो. कॉलमचा कोपरा छिन्नीने ताजा फोडा, ब्रशने धूळ झाडा आणि अल्कोहोलमधलं एक टक्क्याचं द्रावण फवारा. क्षणात आतला भाग गडद गुलाबी होतो आणि कडेची पट्टी राखाडीच राहते. ती राखाडी पट्टी पट्टीने मोजा. सळीवरचं कव्हर (बाहेरचा काँक्रीटचा थर) ३० मिमी आणि राखाडी थर १२ मिमी असेल, तर सळी अजून सुरक्षित कवचात आहे. राखाडी थर सळीपर्यंत पोचला असेल तर पुढच्या चाचण्या लागतील: क्लोराइड (सळी गंजवणारा क्षार), सळीची उरलेली जाडी, कोअर (काँक्रीटचा दंडगोल नमुना) काढून ताकद.

*सावधान:* ड्रिलने पाडलेल्या भोकात हे करू नका. आतली ताजी पूड बाहेरच्या थराला चिकटते, सगळंच गुलाबी दिसतं आणि तुम्ही फसता.

*सावधान:* रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून उसळीवरून ताकदीचा अंदाज देणारं उपकरण) याच्या एकट्या आकड्यावर निर्णय नको. कार्बोनेट झालेला, म्हणजे अल्कधर्म संपलेला, पृष्ठभाग कडक होतो आणि हॅमर ताकद जास्त दाखवतो.

२. मोजदाद: एकही घाव घालण्यापूर्वी

पाडायचं नक्की झालं, तर वही आणि टेप घेऊन दोन दिवस इमारतीत काढा. प्रत्येक वस्तूसाठी सात रकाने: काय आहे, कुठे आहे, लांबी-रुंदी-जाडी, नग, कशाने जोडलंय, अवस्था, आणि काढताना काय तुटेल. लोक पहिले चार रकाने भरतात. खरं काम पाचव्याचं आहे. वस्तू वाचेल की नाही हे तिच्या दर्जापेक्षा तिच्या जोडणीवर ठरतं. बोल्टने बसवलेला लोखंडी गर्डर वाचतो, चिकटवलेली महागडी टाइल वाचत नाही.

विटांच्या भिंतीत जोडणी म्हणजे मसाला. गिलावा थोडा खरवडा आणि सांध्यात खिळा फिरवा. मसाला भुकटी होऊन गळला तर चुन्याचा आहे, नाहीतर फार अशक्त सिमेंटचा. विटा निघतील. खिळा नुसता चरा पाडून घसरला तर सिमेंटचा घट्ट मसाला आहे, आणि तो विटेपेक्षा मजबूत असेल तर सांध्याआधी वीट फुटेल. कोपनहेगनमध्ये २०१९ साली पूर्ण झालेल्या 'रिसोर्स रोज' या गृहप्रकल्पात नेमकी हीच अडचण होती. त्यांनी विटा सुट्या करायचा नाद सोडला आणि भिंतीचे चौकोनी तुकडेच करवतीने कापून नव्या दर्शनी भागात पॅनल म्हणून बसवले. दिसायला गोधडीसारखं दिसतं, पण विटा वाचल्या. ते उपकरण आणि क्रेन तुमच्याकडे नसेल, तर सिमेंटच्या भिंतीतल्या विटा यादीत 'वाचतील' म्हणून धरू नका.

अंदाज कागदावर करू नका. एक चौरस मीटर भिंत प्रत्यक्ष उतरवून बघा. किती विटा अख्ख्या निघाल्या, किती अर्ध्या, एका माणसाला किती वेळ लागला, हे लिहा. तीच टक्केवारी सगळ्या भिंतींना लावा आणि वर थोडी तूट धरा.

*थांबा:* याच फेरीत धोकादायक साहित्य शोधायचं आहे. ॲसबेस्टॉस पन्हाळी पत्र्यांत असतो, पाइपांच्या वेष्टनात असतो, जुन्या विनाइल टाइलांत आणि त्यांच्या गोंदातही असू शकतो. तो नजरेने ओळखता येत नाही. नमुना प्रयोगशाळेत गेल्याशिवाय संशयित पत्रा कापायचा, भोक पाडायचा किंवा टाकून फोडायचा नाही, आणि तो काढायला प्रशिक्षित माणसंच हवीत. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका, ब्लोटॉर्चने जाळूही नका. ॲसबेस्टॉस सापडला तर तो पुन्हा वापरायच्या यादीत कधीच येत नाही, कितीही धडधाकट दिसला तरी.

३. नकाशा यादीवरून काढा

ही पायरी आर्किटेक्टला रुचत नाही, पण इथेच खेळ जिंकला किंवा हरला जातो. स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरला 'के-११८' नावाची इमारत २०२१ मध्ये पूर्ण झाली. तिचा पोलादी सांगाडा बासेलच्या एका वितरण केंद्रातून आला, बाहेरचा लोखंडी जिना झुरिचमधल्या एका कार्यालयीन इमारतीतून. खिडक्या वेगवेगळ्या इमारतींच्या, म्हणून वेगवेगळ्या मापांच्या. आधी साहित्य हाती आलं आणि इमारतीचं रूप त्यावरून ठरलं.

माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या अशा कामात नकाशा पूर्ण करून, लिंटेल (खिडकी-दारावरच्या आडव्या तुळया) ओतून झाल्यावर मी जुन्या खिडक्या आणून लावायला गेलो. चौकटी गाळ्यापेक्षा चार सेंटिमीटर रुंद. सहा गाळ्यांच्या बाजू फोडल्या, पुन्हा गिलावा केला, दोन चौकटी त्या झटापटीत उसवल्या. खिडक्यांनी जे वाचवलं ते सिमेंटने खाल्लं.

म्हणून क्रम असा: आधी मापात बदल न होणाऱ्या वस्तू नकाशावर ठेवा, म्हणजे पोलादी गर्डर, तुळया, खिडक्या-दारांच्या चौकटी, जिना. मग त्यांच्याभोवती खोल्या. गाळ्याला चौकटीपेक्षा चारही बाजूंनी १० ते १५ मिमी मोकळीक ठेवा. विटा आणि फरश्या कुठेही सामावतात, त्या शेवटी.

आणि याच टप्प्यावर स्लॅबच्या गाळ्यांची लांबी आवरा. स्लॅबची जाडी स्पॅनवर, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतरावर, ठरते. सहा मीटरचा गाळा मध्ये एक कॉलम किंवा भिंत घेऊन साडेचारवर आणला, तर स्लॅब पातळ होतो, बीमची खोली कमी होते, पायावरचं वजन उतरतं. १०० चौरस मीटरचा स्लॅब १५० मिमीऐवजी १२५ मिमीचा झाला तर अडीच घनमीटर काँक्रीट वाचलं. घनमीटरला ३५० किलो सिमेंट धरलं तर ८७५ किलो सिमेंट, म्हणजे साधारण पाऊण टन कार्बन डायऑक्साइड, आणि त्यासाठी कुठलंही विशेष साहित्य लागलं नाही.

*तपासा:* नकाशातल्या प्रत्येक जुन्या वस्तूपुढे यादीतला क्रमांक लिहिलाय का? आणि ती काढताना तुटली तर पर्याय काय, हेही?

४. उतरवणं

बांधलं त्याच्या उलट क्रमाने उतरवायचं. वीज, पाणी, गॅस तोडल्याचं लेखी घ्या. मग सुट्या वस्तू आणि दिवे, दारं-खिडक्या, फॉल्स सीलिंग आणि जिप्सम बोर्ड, फरश्या, छप्पर, वरून खाली भिंती, शेवटी काँक्रीट. जिप्सम आधी बाहेर काढण्यावर माझा फार जोर असतो. त्याची पूड काँक्रीटच्या राडारोड्यात मिसळली की पुढे त्या खडीतून सल्फेट नव्या काँक्रीटमध्ये जातं आणि ते आतून फुगून तडकतं.

ठेकेदाराशी करार कसा करता यावर निम्मं काम अवलंबून आहे. 'इमारत पाडून जागा साफ' अशी ठोक रक्कम ठरवलीत तर त्याचा फायदा घाईत आहे. एका कामावर आमच्या ठेकेदाराने सगळ्या अटी मान्य केल्या आणि शेवटच्या आठवड्यात, मी साइटवर नसताना, उरलेल्या दोन भिंती पहारीने आडव्या केल्या. त्याला दोष देऊन उपयोग नव्हता, कारण अख्ख्या विटेचे वेगळे पैसे करारात लिहिलेच नव्हते. तेव्हापासून मी पाडकामाची रक्कम कमी ठेवतो आणि अख्ख्या, रचून ठेवलेल्या नगामागे दर लावतो. मोजणी रोज संध्याकाळी.

*सावधान:* भिंत उतरवताना दोन्ही बाजूंनी समान थर खाली आणा. एका बाजूने मोठा भाग काढला की उरलेली भिंत आधाराविना उभी राहते. कमान असेल तर खालून टेकू दिल्याशिवाय तिच्या शेजारची भिंत हलवू नका. कमानीचा बाहेरचा रेटा त्या भिंतीनेच पेललेला असतो.

*सावधान:* काँक्रीट किंवा वीट कापताना पाणी चालू ठेवा आणि मुखवटा धूळ अडवणारा हवा, फडकं नव्हे. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात कायमची राहते.

५. साफ करा, पारखा, रचा

*विटा.* इथे घाई केली की पुढे भिंत ओल धरते. विटा चुन्याच्या मसाल्यातल्या असतील तर बोथट छिन्नीने मसाला कडेकडेने सोडवा. घाव विटेवर न घालता सांध्याच्या दिशेने, तिरका घाला. मसाला चकत्यांसारखा निघतो. पाण्यात भिजवून साफ करायचा मोह होतो, पण ओल्या विटेला चुना आणखी चिकटतो. कोरड्याच साफ करा. ॲसिडने धुवायच्या भानगडीत पडू नका, विटेत क्षार राहतात आणि पुढे भिंतीवर पांढरी बुरशी आल्यासारखे उमटतात.

मग पारख. दोन विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली, भदभद आवाज आला तर आत तडा आहे किंवा वीट कच्ची आहे. नखाने ओरखडा उठतो का बघा. प्रत्येक ढिगातून पाच विटा काढून पाणी शोषण्याची चाचणी करा: भट्टीत वाळवून वजन, २४ तास बुडवून पुसून वजन, फरक भागिले कोरडं वजन. वीस टक्क्यांवर गेलं तर ती वीट बाहेरच्या भिंतीला नको.

विटा काढतानाच दोन ढीग करा, बाहेरच्या तोंडाच्या आणि आतल्या. हे सगळ्यांत जास्त विसरलं जातं. आतल्या भिंतीतली वीट कितीही सुंदर दिसली तरी तिने आयुष्यात पाऊस झेललेला नाही. ती आतच जावी. धुराड्यातल्या विटा वेगळ्या काढा. त्यात डांबरी काजळी आणि सल्फेट मुरलेलं असतं, गिलाव्यातून डाग बाहेर येतात.

एक भाजकी वीट बनवताना, भट्टी आणि इंधनाप्रमाणे बदलून, ढोबळपणे अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड जातो. पाच हजार विटा वाचवल्या तर अडीच टन. एवढ्या कष्टाचं मोल आहे ते यामुळे.

*लाकूड.* सगळे खिळे काढा आणि मग मेटल डिटेक्टर फिरवा, कारण रंधायंत्राच्या पात्याला लागलेला एक खिळा दिवस घालवतो. टोच्याने टोकं आणि भिंतीत गेलेला भाग टोचा. वाळवी आणि कुज तिथूनच सुरू होते. टोचा सहज आत गेला तर तेवढा भाग कापून टाका, उरलेली तुळई आखूड पण चांगली असते. मध्यभागी खाच असलेली तुळई त्याच स्पॅनला पुन्हा वापरू नका. ओलावा २० टक्क्यांखाली येईपर्यंत सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, जमिनीपासून वर रचून ठेवा. प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळलं तर आत घाम सुटतो.

*पोलाद.* गर्डर, चॅनल, अँगल वाचवा. काँक्रीटमधून काढलेल्या वाकड्या सळ्या सरळ करून पुन्हा स्ट्रक्चरमध्ये घालू नका. वाकवून सरळ केलेली सळी ठिसूळ होते. त्या भंगारात जाऊ द्या. भंगारातून विजेच्या भट्टीत बनणारं पोलाद हीसुद्धा मोठी बचतच आहे: लोखंडाच्या खनिजापासून ब्लास्ट फर्नेसच्या मार्गाने एक टन पोलाद बनताना दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड जातो, भंगाराच्या मार्गाने त्याचा लहानसा हिस्सा. गर्डरसाठी एकाच इमारतीतल्या, एकाच मापाच्या तुकड्यांचा गट करा, गटातून एक नमुना कापून ताण-चाचणीला पाठवा, गंजलेल्या जागी व्हर्नियरने उरलेली जाडी मोजा. वेल्डिंग करायचं असेल तर रासायनिक चाचणीही लागते. नसेल करायची तर बोल्ट वापरा.

*फरश्या, चौकटी, नळाच्या तोट्या* यांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. जपून काढा, मापं लिहून ठेवा.

६. राडारोड्याची खडी: उत्साह आवरून

काँक्रीट फोडून खडी करणं म्हणजेच सर्क्युलर बांधकाम, म्हणजे साहित्य पुन्हा पुन्हा फिरवून वापरणारं बांधकाम, असं अनेकांना वाटतं. खाण आणि डंपिंगची जागा वाचते हे खरं. कार्बन मात्र फारसा वाचत नाही, आणि चुकीचं केलं तर वाढतो. हिशेब बघा. नैसर्गिक खडीचा कार्बन किलोमागे पाच-दहा ग्रॅम. एका घनमीटरात हजार किलो मोठी खडी धरली आणि ३० टक्के बदलली, तर वाचले दीड ते तीन किलो. जुन्या खडीने पाणी ओढलं म्हणून मिक्समध्ये फक्त दहा किलो सिमेंट वाढवलं, तर गेले आठ-नऊ किलो. तोट्याचा सौदा.

तरीही करायचं असेल, आणि डंपिंगची जागा दूर असेल तर करावंच, तर पायऱ्या अशा:

१. फक्त काँक्रीटचे तुकडे घ्या. वीट, लाकूड, जिप्सम, डांबर नको.
२. क्रशरनंतर चुंबकाने सळ्यांचे तुकडे काढा, चाळणीवर ५ मिमीच्या खालची पूड वेगळी करा. तिच्यात जुना सिमेंट मसाला भरपूर असतो. ती नव्या काँक्रीटमध्ये वाळू म्हणून घालू नका.
३. खडीचं पाणी-शोषण मोजा. नैसर्गिक खडी एक-दोन टक्के पाणी पिते, ही चार ते आठ टक्के पिऊ शकते.
४. वापरण्याआधी पाणी मारून रात्रभर भिजवा आणि निथळू द्या. खडी आतून तृप्त आणि बाहेरून कोरडी हवी.
५. मोठ्या खडीच्या २० टक्क्यांपासून सुरुवात करा. ट्रायल मिक्सच्या क्यूबचे (फोडून ताकद मोजायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे) निकाल आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

*तपासा:* जुनी इमारत समुद्राकाठची होती का? मग क्लोराइड मोजल्याशिवाय ही खडी सळईच्या काँक्रीटमध्ये नको. जोत्याखालच्या थराला चालेल.

७. नवं काँक्रीट: सिमेंट कुठून कमी करायचं

सिमेंटचा कार्बन कोळशापेक्षा दगडातून जास्त येतो. १०० किलो चुनखडी तापवली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो, भट्टी कितीही स्वच्छ इंधनावर चालवा. म्हणून क्लिंकर (चुनखडी भट्टीत भाजून बनणारा सिमेंटचा मुख्य घटक) कमी करणं हाच उपाय, आणि तोही क्रमाने.

*पहिलं, काँक्रीटचं आकारमान.* ते तिसऱ्या पायरीत झालं.

*दुसरं, नको तेवढी ताकद मागू नका.* डिझाइनला चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन ताकद पुरेशी असताना 'सेफ्टीसाठी' ३५ मागवणं ही सर्रास चालणारी सवय आहे. पाया, स्लॅब, कॉलम यांना वेगळी ग्रेड ठरवा. टिकाऊपणासाठी किमान सिमेंट आणि जास्तीत जास्त पाणी-सिमेंट प्रमाण जे असेल ते पाळा, त्याच्या वर चढू नका.

*तिसरं, क्लिंकरच्या जागी दुसरं काही.* स्लॅग (ब्लास्ट फर्नेसमधली मळी) निम्म्यापर्यंत आणि पायासारख्या कामात त्याहून वरही जाऊ शकतो, फ्लाय ॲश (कोळशाच्या वीजकेंद्रातली राख) साधारण १५ ते ३५ टक्के. दोन्ही जगभर कमी पडत जाणार आहेत, कारण अनेक देशांत ब्लास्ट फर्नेस आणि कोळशाची वीजकेंद्रं बंद होत आहेत. म्हणून भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीचं मिश्रण, म्हणजे एलसी-३, लक्षात ठेवा: सुमारे ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी, ५ टक्के जिप्सम. माती ७०० ते ८५० अंशांवर भाजते, क्लिंकरला १४५० लागतात. नेहमीच्या सिमेंटच्या तुलनेत कार्बन ३० ते ४० टक्के कमी. हे मिश्रण पाणी जास्त मागतं. ते पाण्याने भागवू नका, प्लास्टिसायझरने (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणाऱ्या रसायनाने) भागवा.

*चौथं, वेळ.* स्लॅग आणि फ्लाय ॲशचं काँक्रीट हळू ताकद धरतं. २८ दिवसांऐवजी ५६ दिवसांची ताकद धरली तर सिमेंट आणखी घटतं. पायावर पूर्ण वजन यायला महिने लागतात, तिथे हे सहज जमतं. डिझायनरची लेखी संमती काँक्रीट ओतायच्या आधी घ्या, क्यूब नापास झाल्यावर मागितली तर ती सबब ठरते.

इथे होणाऱ्या चुका मी इतक्या वेळा पाहिल्यात की त्या वेगळ्या लिहितो.

गोणीवरचं न वाचता बदल करणं. ब्लेंडेड सिमेंटमध्ये फ्लाय ॲश किंवा स्लॅग आधीच असतो. त्यात साइटवर किंवा प्लांटवर आणखी ३० टक्के बदलला तर क्लिंकर इतका कमी होतो की सात दिवसांत काँक्रीट नखाने उकरतं.

शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा आणि टेकू) नेहमीच्या तारखेला काढणं. तारखेवर जाऊ नका. साइटवरच, स्लॅबशेजारी, त्याच उन्हा-थंडीत ठेवलेले क्यूब फोडा आणि त्यावरून ठरवा. प्रयोगशाळेच्या कोमट टाकीतला क्यूब तुमच्या स्लॅबची थंड रात्र सांगत नाही.

क्युरिंग, म्हणजे नवं काँक्रीट ओलं ठेवणं, आटोपतं घेणं. साध्या सिमेंटला सात दिवस पाणी मारून सवय झालेली असते. या काँक्रीटला दहा ते चौदा दिवस सलग ओल हवी. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवणं म्हणजे क्युरिंग नव्हे. गोणपाट ओलं हवं, दुपारी तीन वाजताही. क्युरिंग चुकलं तर बाहेरचा थर सच्छिद्र राहतो, कार्बोनेशन लवकर सळीपर्यंत पोचतं, आणि पहिल्या पायरीतली ती राखाडी पट्टी तुमच्याच इमारतीत वाढू लागते.

आणि मिक्सरपाशी 'जरा ढिलं करा' म्हणून घातलेली पाण्याची बादली. त्याबद्दल नव्याने काय सांगणार.

८. पुढच्या माणसाला उतरवता येईल अशी जोडणी

मसाला विटेपेक्षा अशक्त ठेवा. आतल्या आणि हलक्या भिंतींना एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू हा मसाला बहुतेकदा पुरतो. भार घेणारी भिंत असेल तर इंजिनियरला विचारा. चुन्याचं काम एका दिवसात उंच चढवू नका, आणि कडक ऊन, पाऊस दोन्हींपासून झाका.

पोलादाला वेल्डऐवजी बोल्ट, लाकडाला गोंदाऐवजी स्क्रू आणि पट्ट्या. चौकटीभोवती फोम भरणं सोयीचं वाटतं, पण पुढे चौकट फोडूनच निघते. बोल्टचं डोकं गिलाव्याखाली गाडलं तर त्या बोल्टचा उपयोग काय? पाना फिरेल एवढी जागा ठेवा.

नळ आणि वायरी स्लॅबमध्ये गाडू नका. त्यांचं आयुष्य स्लॅबपेक्षा कितीतरी कमी. त्या बदलायला स्लॅब किंवा फरशी फोडावी लागली की चांगली फरशी कचऱ्यात जाते. उघडता येणारी उभी नळी किंवा सुटं झाकण असलेली पोकळी करा.

९. हिशेब आणि नोंद

पुरवठादार 'ग्रीन' म्हणाला म्हणून आकडा धरू नका. ईपीडी, म्हणजे उत्पादनाचं पर्यावरणीय घोषणापत्र मागा आणि त्यात तीन गोष्टी बघा: मुदत संपली आहे का (साधारण पाच वर्षं असते), एकक टन आहे की घनमीटर, आणि आकडा कोणत्या टप्प्यांचा आहे. ए१ ते ए३ म्हणजे फक्त कारखान्याच्या दारापर्यंत. एकाचा दारापर्यंतचा आकडा दुसऱ्याच्या साइटपर्यंतच्या आकड्याशी ताडून पाहणं ही रोजची चूक आहे.

लाकडाच्या बाबतीत दुहेरी काळजी घ्या. कोरड्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो, म्हणजे एका किलोत साठलेला कार्बन डायऑक्साइड १.८ किलोच्या आसपास. हा आकडा वजाबाकीत घालून 'आमची इमारत ऋण कार्बनची' असं म्हणणारे, ते लाकूड शेवटी जळलं किंवा कुजलं की तेवढाच परत जातो हे सोडून देतात. साठा वेगळ्या ओळीत लिहा. तसंच, जुना गर्डर वापरल्याचा फायदा एकदा घेतला की त्याच गर्डरच्या पुढच्या पुनर्वापराचं श्रेय आजच्या बेरजेत मिसळू नका.

आता नोंद. गिलावा आणि सीलिंग झाकण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो, टेप लावून. कुठल्या विटा जुन्या, कुठला मसाला, गर्डरची चाचणी कुठल्या गटाची, बोल्टचा आकार, काँक्रीटचं मिक्स, स्लॅगचं प्रमाण, क्यूबचे निकाल: सगळं एका फाइलमध्ये. संगणकातली फाइल पाच वर्षांत कोणाला सापडत नाही, म्हणून एक छापील प्रत लॅमिनेट करून मीटरच्या कपाटात दाराच्या आतल्या बाजूला स्क्रूने लावा. गोंदाने चिकटवू नका.